सहाची वजाबाकी

काउंटरवरच्या मुलीनं यशोधराच्या बोटातून रक्ताचा एक थेंब घेतला, तो यंत्रात घातला आणि आम्हाला वेफर्सच्या मशीनशेजारच्या खुर्च्यांवर बसवलं. निकालाला अकरा मिनिटं लागतात. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, कारण त्या यंत्रातलं गणित मीच केलेलं आहे.

यशोधरा माझी धाकटी बहीण. वय चौतीस, पुण्यात पाणीपुरवठा विभागात उपअभियंता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तेहेतिसाव्या आठवड्यात नागपूरला आलेली. पाय सुजले होते, रक्तदाब थोडा वर होता आणि डॉक्टरांनी आठवडाभर कुठंतरी दाखल राहायला सांगितलं होतं. सकाळपासूनचं हे तिसरं रुग्णालय.

पडदा लाल झाला. झीजांक सतरा.

"सॉरी मॅडम," मुलगी म्हणाली, "विशेष देखरेखीचे बेड फुल आहेत."

"आम्ही साधी खोली मागतोय."

"लाल असलं की साधी देता येत नाही. नियम आहे."

"मग विशेष द्या."

"ते फुल आहेत ना, मॅडम."

तिच्या मागच्या काचेतून मला तीन रिकामे पलंग स्वच्छ दिसत होते. मी तोंड उघडणार तोच यशोधरानं माझा दंड धरला. "चल ताई. तिच्यावर ओरडून काय होणार? तिला जे सांगितलंय तेच ती बोलून राहिली."

मी उत्पला रामटेके. पेशानं सांख्यिकीतज्ज्ञ, स्वभावानं भांडखोर. बेरीज-वजाबाकीत मला कुणी हरवलेलं नाही, आणि हेच माझं दुर्दैव.

शास्त्र तसं साधं आहे. धोका वाटला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रक्तात कॉर्टिसॉल सोडतात, हृदय जोरात चालतं, रक्तवाहिन्या आवळतात. धोका गेला की सगळं पूर्ववत होतं. पण धोका केव्हा येईल याचा नेमच नसला, तर शरीर कायम तयारीत राहतं. नवशिका ड्रायव्हर क्लचवरचा पाय काढत नाही, तसं. गाडी चालते, वेळेवर पोचते, बाहेरून चकचकीतही दिसते. आत क्लच-प्लेट घासत असते. माणसातल्या या घासण्याच्या खुणा डीएनएवर राहतात. डीएनएची अक्षरं बदलत नाहीत, पण त्यांच्यावर मिथाइल नावाचे बारीक रासायनिक ठिपके बसतात किंवा उडतात. कुठल्या जागी किती ठिपके आहेत, यावरून शरीर किती वर्षं वापरलं गेलंय ते काढता येतं. त्यातून आरोग्य कार्डावरचं वय वजा केलं की उरतो तो झीजांक. बारापर्यंत हिरवा, बाराच्या पुढं लाल.

यशोधराचं शरीर एक्कावन्न वर्षांचं होतं. अशा रक्तवाहिन्यांना गरोदरपण झेपत नाही. रक्तदाब एकाएकी चढतो, झटके येतात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून लाल बाईसाठी नियम केलेले: दर तासाला रक्तदाब, रोज लघवीची तपासणी, झटक्यावरचं इंजेक्शन उशाशी तयार.

पाच वर्षांपूर्वी आम्ही विदर्भातल्या अकरा हजार बायांचं रक्त तपासलं तेव्हा मला हर्षच झाला होता. लाज वाटते सांगायला, पण झाला होता. आलेखावर सगळं उघड दिसत होतं. पुरुषांपेक्षा बाया जास्त झिजलेल्या. बायांत दलित आणि आदिवासी बाया सगळ्यांत जास्त. आणि कुणाला खरं वाटेना अशी गोष्ट म्हणजे, पगार वाढला, शिक्षण वाढलं, तरी त्यांची रेघ खाली येत नव्हती. उलट घराण्यातल्या पहिल्या अधिकारी बाया मजूर बायांपेक्षाही झिजलेल्या निघाल्या. मी तो कागद आईला दाखवायला घरी नेला होता. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही सांगत आलो आणि लोक म्हणत आले, आता कुठं राहिलंय तसलं काही. आता आमचं रक्तच साक्ष देत होतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. सरकारनं प्रत्येक प्रसूतिगृहात यंत्र सक्तीचं केलं, हेतू चांगलाच होता. पण रुग्णालयांची मानांकनं तिथं होणाऱ्या मातामृत्यूंवर ठरत असत. लाल बाई घेतली आणि ती दगावली तर मानांकन घसरणार. मग कोण घेईल? सहा महिन्यांत खासगी रुग्णालयांतले विशेष बेड कायमचे 'फुल' झाले. वधू-वर मंडळांच्या फॉर्मवर उंची, रंग, पगार यांच्याखाली झीजांकाचा रकाना आला. आमच्या वस्तीतल्या विहारात सभा भरली, तिथं सत्तरीच्या एक बाई उठून मला म्हणाल्या, "तुह्या मशिनीनं आमच्या पोरी फुटक्या ठरवल्या वो. आमच्या बाया का कच्च्या मातीच्या हायेत?"

मला ते फार लागलं. त्या रात्री मी एक गणित मांडलं.

प्रत्येक बाईची तुलना सगळ्यांशी कशाला करायची? तिच्याच गटाच्या सरासरीशी करू. आरोग्य कार्डावर जातीच्या गटाचा रकाना होताच, आमचा गट चार. गट चारच्या बायांची सरासरी सहानं जास्त होती. म्हणजे त्यांच्या आकड्यातून सहा वजा करायचे. यंत्र तेच, रक्त तेच, पण आमच्या निम्म्याहून अधिक पोरी लालमधून हिरव्यात येत होत्या.

संस्थेच्या प्रमुख डॉ. मंदाकिनी परुळेकर एकट्याच विरोधात होत्या. "उत्पला, सरासरी जास्त आहे म्हणून ती निरोगी होत नाही. तू आजारालाच नेहमीची प्रकृती ठरवते आहेस."

"तुमच्या घरातल्या मुलीला कुणी दारातून परत पाठवलेलं नाही, मॅडम," मी म्हणाले.

त्या गप्प झाल्या. मला वाटलं, मी जिंकले. समितीत हा विषय सात मिनिटांत मंजूर झाला. रुग्णालयं खूश, मंत्री खूश, विहारात माझा शाल देऊन सत्कार. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हे मला तेव्हा दिसलं नाही, कारण शाल माझ्याच खांद्यावर होती.

आता तुम्ही विचाराल, मग यशोधराला सतराच कसा आला? तिची दुरुस्ती कुठं गेली? तर तिनं लग्न केलं हर्षद लिमयेशी. कार्डाची नोंद कुटुंबावर चालते, त्यामुळे लग्नानंतर तिच्या रकान्यात आपोआप नवऱ्याचा गट आला, गट एक. यंत्राच्या लेखी ती लिमयांची सून होती आणि लिमयांच्या सुनेतून वजा करण्यासारखं काही नव्हतं.

हर्षद भला माणूस आहे. त्याच्या आईंनीही कधी वाकडा शब्द काढला नाही. घरात पूजा असली की तेवढं प्रेमानं म्हणायच्या, "तू दमली असशील, आत जाऊन पड जरा." लग्नाआधी पुण्यात यशोधरानं अकरा घरं पाहिली होती. पूर्ण नाव सांगितलं की घर कालच गेलेलं असायचं. साइटवर ठेकेदार तिलाच विचारत, "मॅडम, साहेब कधी येणार?" ऑफिसात चहा कपबशीतून यायचा, तिच्यापुढं कागदी कप. ती प्रत्येक नकाशा तीनदा तपासायची, कारण इतरांची चूक ही चूक असायची आणि तिची चूक म्हणजे 'बघा, कोट्यातून आल्यावर असंच'. बाई म्हणून एक भार, जातीचा दुसरा, आणि दोन्ही मिळून आणखी एक, त्याला तर नावही नाही. मला ती हे सगळं हसत हसत सांगायची. यंत्राला तिनं हसून दाखवलं नाही, एवढाच फरक.

तिसऱ्या रुग्णालयातून निघालो तेव्हा दोन वाटा होत्या. सरकारी रुग्णालय लाल बाईला नाही म्हणत नाही. तिथं गर्दी होती, एका पलंगावर दोघी, पण दर तासाला रक्तदाब घेतला जात होता. दुसरी वाट माझ्या अंगठ्यात होती. कार्डातल्या चुका दुरुस्त करायचा अधिकार आमच्या संस्थेत तिघांना होता, त्यांतली एक मी. तिच्या रकान्यात एकऐवजी चार केलं की सतराचे अकरा होणार. आणि यात खोटं काही नव्हतं. कायद्यानंही लग्नामुळे जात बदलत नाही. मी फक्त खरं तेच लिहिणार होते.

विनाचालक रिक्षात मी तिला हे सांगितलं.

"ताई, गेजचा काटा खाली वाकवला म्हणून पाइपातला दाब कमी होतो का?"

"गटाच्या मानानं तुझा दाब नॉर्मलच आहे."

"तुझ्या गणितानं."

"माझ्या गणितावर तुझा भरवसा नाही?"

हे मी बोलायला नको होतं. लहानपणापासून तिची सगळी गणितं मी सोडवून दिलेली. ती हसली, सुजलेले पाय तिनं समोरच्या सीटवर ठेवले. "मी जाम थकली आहे गं. सरकारीमध्ये जाऊ म्हणशील तर जाऊ. पण खरं सांगू? एकदा तरी असं व्हावं, की आपण जावं आणि समोरच्यानं फक्त 'या' म्हणावं. खोलीला खिडकी असावी. बस."

तिला खिडकीची खोली मिळावी, असं मला वाटलं. माझ्या आयुष्यात दुसरं काही मला इतकं हवंसं वाटलेलं नाही. मी मोबाइलवर अंगठा टेकवला.

चौथ्या रुग्णालयात पडदा हिरवा झाला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "या मॅडम." खोलीला खिडकी होती आणि खिडकीबाहेर कडुनिंब. यशोधरानं हर्षदला व्हिडिओ कॉल करून ते झाड दाखवलं. मी घरी जाऊन चार दिवसांत पहिल्यांदाच पोटभर जेवले.

हिरव्या बाईचा रक्तदाब सकाळी आणि संध्याकाळी घेतात. तिसऱ्या दिवशी सकाळी तो एकशे चाळीस होता. डॉक्टर म्हणाले, जरा वर आहे, संध्याकाळी पुन्हा बघू. दुपारी एकला मी ऑफिसमध्ये होते. तिचा निरोप आला: 'डोकं फार दुखतंय. डोळ्यांपुढं काजवे. नर्सला सांगितलं.' मी मीटिंगमध्ये होते, निरोप वाचला आणि लिहिलं, 'पुन्हा सांग.' फोन केला नाही. उठले नाही. 'पुन्हा सांग' एवढं लिहिलं.

तिनं पुन्हा सांगितलं. हे मला नंतर त्या नर्सनंच रडत सांगितलं. यशोधरा म्हणाली होती की छातीच्या खाली मधोमध दुखतंय, एकदा रक्तदाब बघा. नर्सनं पडदा बघितला. हिरवा, अकरा, गट चार. पाळी बदलायची वेळ होती, मजल्यावर चौदा बाया होत्या. तिनं पॅरासिटामॉलची गोळी दिली आणि पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "गॅस झाला असेल, ताई. घाबरू नका. तुमच्यात तर बाया किती सोसतात!"

नर्स वाईट नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. गट एक असताना पडद्यावर जे दिसत नव्हतं, ते मी माझ्या अंगठ्यानं तिच्या डोळ्यांपुढं ठेवलं होतं.

पावणेतीनला यशोधराला पहिला झटका आला. तेव्हा रक्तदाब होता दोनशे दहा. इंजेक्शन खालच्या मजल्यावरून आणायला नऊ मिनिटं लागली. मी पोचले तेव्हा तिला शस्त्रक्रियेला नेलं होतं. खोलीत चादर अर्धी खाली ओढलेली होती आणि मोबाइल पलंगाखाली पडलेला. मी तो उचलून उगाच पुसत बसले.

मुलगी वाचली, पावणेदोन किलोची. यशोधरा दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. हर्षद पुण्याहून आला होता. तो भिंतीला टेकून मला म्हणाला, "ताई, तुम्ही होतात म्हणून मी निर्धास्त होतो." तो मनापासून म्हणत होता.

दीड महिन्यानं मातामृत्यूची चौकशी झाली. मी स्वतःच गेले. कार्डातली दुरुस्ती मी केली, हे पहिल्याच वाक्यात सांगितलं. मला शिक्षा हवी होती. अध्यक्षांनी कागद उलटसुलट केले. "पण मॅडम, दुरुस्ती योग्यच आहे. मृत व्यक्ती गट चारचीच होती ना? तुमच्याकडून काही चूक नाही."

"आणि रुग्णालय?"

"हिरव्या रुग्णाची सगळी देखरेख नियमाप्रमाणे झालीय."

"त्यांच्या मानांकनाचं काय?"

त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. मानांकनात काही फरक नव्हता. गट चारच्या बाया जास्त दगावतात हे आकडेवारीत आहेच, म्हणून त्या गटातले काही मृत्यू 'अपेक्षित' धरून वजा केले जातात. यशोधरा त्या वजा केलेल्यांत होती. खाली तळटीप होती, लहान अक्षरांत: सूत्र — उ. रामटेके. झीजांकासाठी मी केलेलं गणित कुणीतरी उचलून मृत्यूंना लावलं होतं. मला विचारलंही नव्हतं. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, कारण गणित तर एकच आहे.

डॉ. परुळेकर बाहेर बाकावर माझी वाट बघत बसल्या होत्या. आता त्या निवृत्त आहेत, गुडघे दुखतात, तरी आल्या होत्या. मी म्हटलं, "बोला मॅडम. तुमचं खरं झालं."

"मी तेव्हा गप्प बसले," त्या म्हणाल्या. "तू जे बोललीस त्यावर मला उत्तर नव्हतं. आजही नाही. पण उत्तर नव्हतं तरी मतदानाला मी तटस्थ राहायला नको होतं."

त्या दिवशी मी ठरवलं, दुरुस्ती काढून टाका असं जाहीर निवेदन द्यायचं. सोपं नव्हतं. ती काढली की आमच्या पोरी पुन्हा लाल होणार, पुन्हा दारातून परत फिरणार. म्हणून निवेदनात दुसरी मागणी होती, लाल बाईला नाकारणाऱ्या रुग्णालयाचा परवाना काढा. विहारातल्या मंडळींना भेटले तेव्हा दोघं उठूनच गेले. एक जण म्हणाला, "बहिणीच्या दुःखात तुम्ही समाजाची पत घालवून राहिल्या." आपलेच दात आणि आपलेच ओठ.

निवेदन छापून यायच्या आधी आईला सांगणं भाग होतं. आतापर्यंत तिला एवढंच माहीत होतं की झटके आले. दुपारची वेळ होती. ती ओट्यापाशी बाळाच्या बाटल्या उकळत उभी होती. हर्षदनं दोन महिने मुलीला आमच्याकडं ठेवलं होतं. मी सगळं सांगितलं. लाल, हिरवा, गट, सतरा, अकरा. रिक्षात काय बोलणं झालं तेही.

आईनं गॅस बंद केला. "म्हणजे तू का लिहिलं त्या कार्डात?"

"आपला गट."

"आपलाच न? खोटा तं नाही लिहिला?"

"नाही."

"मंग?" ती माझ्याकडं वळली. "आपलंच तं लिहिलं वो पोरी. त्याच्यानं कशी मरन ती?"

ती चौथी शिकलेली आहे. सरासरी म्हणजे काय हे मी तिला कसं सांगणार? मी खूप शब्द शोधले. शेवटी म्हटलं, "आई, मी त्या मशीनला सांगून ठेवलं होतं, की आमच्या बायांचं एवढं दुखतंच. त्यात विशेष काही नाही."

आईनं चिमट्यानं एक बाटली बाहेर काढली, पालथी घातली. मग दुसरी. आतल्या खोलीत पोरगी कुरकुरायला लागली होती.

"दुखते तं," आई म्हणाली. "रोजच दुखते. म्हून का कोनी पाहाचंच नाही?"